मंदीतील वैमानिक आणि ज्येष्ठतेची यादी

व्यापारात तेजीमागून मंदी येणे हा जगाचा जुना परिपाठ आहे. तथापि मंदीचा घाव सर्व धंद्यांवर सारख्याच वेगाने बसत नाही. मागणी घटली तर कापडाच्या गिरणीला काही काळ गठ्ठे गोदामात ठेवता येतात. शेतकऱ्याला धान्य पेवात घालून भावाची वाट पाहता येते. विमान कंपनीजवळ विकण्याजोगी वस्तू बहुधा एकच, ती म्हणजे विमानातील खुर्ची. आणि विमान धावपट्टी सोडून वर उठले की त्यातील रिकाम्या खुर्चीचे मोल कवडीचेही उरत नाही. त्यातच प्रवास ही गोष्ट अशी आहे की, जिवाचे भय अथवा पैशाची चणचण उत्पन्न होताच माणूस प्रथम तिलाच फाटा देतो. २०१९ साली एप्रिलच्या मध्यास अमेरिकेतील विमानतळांवर एका दिवसात सुमारे २२ लाख माणसांची तपासणी होत असे. पुढील वर्षी, १४ एप्रिल २०२० रोजी, कोविडच्या साथीत ही संख्या ८७ हजारांच्या आसपास आली. शंभरांतील शहाण्णव प्रवासी एका वर्षाच्या अंतराने नाहीसे झाले.

अशा वेळी विमानांची कर्जे आणि भाडी तर चुकत नाहीत; तेव्हा कंपनीची दृष्टी साहजिकच पगारपत्रकाकडे वळते. तेथे वैमानिकांचे वेतन ठळकपणे नजरेत भरते. मग प्रश्न उभा राहतो की, हजारो वैमानिकांपैकी घरी कोणास बसवावे? त्रयस्थास वाटेल की, जो कामात कच्चा असेल त्यास प्रथम निरोप मिळत असेल. दुसरा म्हणेल की, ज्याचा पगार सर्वांत मोठा, त्यालाच काढण्यात शहाणपण आहे. तिसऱ्यास वाटेल की, ज्या जातीची विमाने बंद करावयाची त्यांवरील वैमानिक आपोआपच निरुपयोगी ठरणार. अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांत या तिन्ही तर्कांपैकी एकही लागू पडत नाही. तेथे हा निर्णय कोणी साहेब करीत नाही. एक यादी करते.

या यादीस सेवाज्येष्ठतेची यादी म्हणतात. वैमानिक ज्या दिवशी कंपनीच्या चाकरीत रुजू होतो, त्या दिवसावरून त्याचा क्रमांक ठरतो. एकाच दिवशी रुजू झालेल्या तुकडीत पुढचा कोण आणि मागचा कोण, हेही मोघम ठेवलेले नसते. काही कंपन्यांत जो वयाने वडील तो वर; काहींत सरकारी ओळखक्रमांकाच्या अखेरच्या आकड्यांवरून क्रम लावतात. हा क्रमांक मग त्या माणसाच्या नोकरीचा सारा संसार चालवितो. कोणत्या शहरी राहून काम करावयाचे, लहान विमान चालवावयाचे की समुद्रापार जाणारे मोठे, सहवैमानिकाच्या खुर्चीतून कॅप्टनच्या खुर्चीत केव्हा जावयाचे, नाताळात घरी राहावयाचे की आकाशात, या सर्व गोष्टींत वरच्या क्रमांकाच्या माणसाने आधी निवडावे आणि खालच्याने उरलेले घ्यावे, असा दंडक आहे. पंगतीत वाढप एका टोकापासून सुरू होते आणि शेवटच्या पानावर काय पडेल ते पदार्थ किती उरला यावर अवलंबून राहते, तसाच हा प्रकार होय. मंदी आली म्हणजे पंगत दुसऱ्या टोकाकडून उठविली जाते. जो शेवटी आला तो प्रथम जातो.

इतका आंधळा वाटणारा नियम बुद्धिमान माणसांनी का स्वीकारला, हे समजण्यास शंभर वर्षे मागे गेले पाहिजे. १९१९ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्क येथे अमेरिकन टपालखात्याच्या हवाई तळावर दाट धुके पडले होते. टपालाच्या थैल्या घेऊन निघण्याचा हुकूम झाला असता वैमानिकांनी या धुक्यात विमान नेणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय, असे सांगून नकार दिला. हवाई टपालाचे मुख्य अधिकारी ओटो प्रेगर यांनी लिऑन स्मिथ आणि हॅमिल्टन ली या दोघा वैमानिकांस बडतर्फ केले. त्याबरोबर त्यांच्या सोबत्यांनी काम थांबविले. थोड्याच दिवसांत तडजोड झाली. ली यास परत घेण्यात आले, स्मिथ यास मात्र नाही. प्रकरण लहान होते. परंतु धंद्यातील मर्माची गोष्ट त्यात उघड झाली. नोकरी राखणे आणि जीव राखणे यांत विरोध उत्पन्न झाला तर वैमानिकाने काय करावे?

पुढे १९३१ साली डेव्हिड बेन्के यांच्या पुढाकाराने अमेरिकन वैमानिकांचा संघ स्थापन झाला. ते महामंदीचे दिवस होते. दुसऱ्याच वर्षी ई. एल. कॉर्ड या धनिकाच्या सेंच्युरी कंपनीने शिकागो येथे वैमानिकांच्या वेतनास जबर कात्री लावली, आणि ज्यांनी ती मान्य केली नाही त्यांच्या जागी बेकार वैमानिक आणून बसविले. विमान हाकणारा कितीही कुशल असो, दाराबाहेर दुसरा भुकेला उभा असेल तर कौशल्याला मोल राहत नाही, हा धडा त्या वेळी मिळाला. १९३४ साली राष्ट्रीय श्रममंडळाने महिन्यास ८५ तासांहून अधिक उड्डाण नसावे असा निवाडा दिला. रेल्वे कामगारांसाठी १९२६ साली झालेला कायदा १९३६ साली विमान कंपन्यांस लागू झाला. आणि १९३९ साली अमेरिकन एअरलाइन्सशी वैमानिक संघाचा पहिला लेखी करार झाला. आगगाडीच्या इंजिन ड्रायव्हरांत ज्येष्ठतेची वहिवाट फार जुनी होती. तीच वैमानिकांनी उचलली, आणि पुढे एकामागून एका कंपनीच्या करारात ती कायम झाली.

ज्येष्ठतेच्या बाजूने वैमानिक जे सांगतात, त्याचा सारांश असा. सामान्य कचेरीत चांगल्या आणि बऱ्या कारकुनात फरक करता येतो. वैमानिकाच्या कामात तो करणे अवघड आहे. त्याची परीक्षा ठराविक मुदतीने, सिम्युलेटर नावाच्या नकली विमानात आणि खऱ्या विमानातही, घेतली जाते. आणि तिचा निकाल बहुतेक उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच असतो. जो अनुत्तीर्ण झाला त्याने विमान चालवूच नये; जो उत्तीर्ण झाला तो प्रवाशांच्या दृष्टीने पुरेसा चांगला. दहा हजार उत्तीर्ण माणसांत पाच हजारावा कोण आणि पाच हजार एकावा कोण, हे कोणत्या मापाने ठरवावयाचे? माप सापडले नाही म्हणजे मापाच्या जागी वरिष्ठांची मर्जी येऊन बसते.

मर्जीचा हा प्रवेश विमानात विशेष घातक ठरतो. खराब हवामानात उड्डाण नाकारणे, इंधन कमी वाटले तर अधिक मागणे, यंत्रात दोष दिसला तर विमान जागीच उभे करणे, थकवा आला असता तसे सांगून कामावरून उतरणे, हे कॅप्टनचे अधिकार आहेत. आणि यांतील प्रत्येकाने कंपनीचा खर्च वाढतो. ज्याच्या हाती नोकरकपातीची यादी तोच हा खर्चही मोजत असेल, तर मंदीच्या वर्षी कॅप्टनचा नकार किती मोकळा राहील? सहवैमानिकाची स्थिती याहून नाजूक. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफे बेटावर दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील डच विमानाचा कॅप्टन आपल्या कंपनीत वैमानिकांचा नामांकित शिक्षक होता. धावपट्टी मोकळी आहे ना, अशी शंका त्याच्याच विमानातील यंत्रज्ञाने काढली होती. परंतु ती नेटाने पुढे रेटली गेली नाही. त्यानंतर हाताखालच्या माणसाने निर्भयपणे बोलावे, याचे शिक्षण जगभर देण्यात येऊ लागले. शेजारच्या खुर्चीतील माणसाच्या अभिप्रायावर आपली भाकरी अवलंबून आहे असे ज्यास ठाऊक आहे, त्यास असे शिक्षण कितपत पचेल याचा विचार श्रोत्यांनीच करावा. यादीत मात्र त्या अभिप्रायास जागाच नसते. कॅप्टनला दुखविल्याने क्रमांक खाली जात नाही, आणि त्याची खुशामत केल्याने वर चढत नाही.

मुंबईच्या गिरणगावाला ही गोष्ट निराळ्या वेषात परिचित आहे. एके काळी गिरणीच्या दारावर रोज सकाळी बदली कामगारांची गर्दी होई, आणि कोणास आत घ्यावयाचे ते जॉबर ठरवी. ज्याने जॉबरचे हात ओले केले त्यास काम मिळे. बाकीचे माघारी जात. या लाचलुचपतीस आळा घालावा म्हणून १९३५ साली गिरणीमालकांनी बदली कामगारांस कार्डे देऊन त्यांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. जॉबरच्या मर्जीऐवजी कागदावरील नोंद आणणे, हाच त्या सुधारणेचा गाभा होता. माणसे बदलतात, धंदे बदलतात. परंतु काम थोडे आणि हात पुष्कळ झाले की निवड कोणी करावी, हा तंटा सर्वत्र एकच असतो.

आता या नियमाची अंमलबजावणी पाहू जाता मोठा चमत्कारिक देखावा दिसतो. समजा, एका कंपनीने समुद्रापार जाणारी आपली सर्वांत मोठी विमाने मंदीमुळे उभी केली आणि त्यामुळे दोनशे वैमानिक जास्त झाले. ही मोठी विमाने चालविणारे बहुतेक लोक यादीच्या वरच्या भागातील असतात. त्यांस काढता येत नाही. ते मध्यम विमानांवर उतरतात आणि तेथील दोनशे जणांस लहान विमानांवर ढकलतात. हे दोनशे लहान विमानांवरील अगदी नव्या दोनशे जणांच्या जागा घेतात, आणि ते नवे लोक रस्त्यावर येतात. वाटेत कित्येक कॅप्टन पुन्हा सहवैमानिक होतात. म्हणजे बंद पडते मोठे विमान आणि नोकरी जाते लहान विमानावरील माणसाची. इतकेच नव्हे, तर एका जातीच्या विमानावरून दुसऱ्या जातीवर जाणाऱ्या प्रत्येकास नव्याने शिकविल्यावाचून त्या खुर्चीत बसविता येत नाही. सिम्युलेटर मोजके, शिक्षक मोजके, आणि शिक्षणाचे आठवडे पगारी. दोनशे माणसे कमी करण्यासाठी चारशे माणसांस पुन्हा शाळेत घालावे लागते. आणि जे दोनशे गेले ते तर सर्वांत कमी पगाराचे होते!

या हिशेबामुळेच सुज्ञ कंपन्या यादीला हात लावण्यापूर्वी दुसरे मार्ग धुंडाळतात. मंदी सहा महिन्यांची असेल तर शिक्षणावर केलेला खर्च वसूल होण्यापूर्वीच तेजी येते, आणि सारे शिक्षण उलट दिशेने पुन्हा करावे लागते. म्हणून आधी स्वखुशीने बिनपगारी अथवा अल्पवेतनी रजा घेणाऱ्यांस आवाहन केले जाते. निवृत्तीजवळ आलेल्यांस काही रक्कम देऊन लवकर घरी पाठविले जाते. आणि उरलेल्यांस हमीच्या तासांत कपात मान्य करण्याची विनंती होते. २०२० साली डेल्टा कंपनीच्या सुमारे १,८०० वैमानिकांनी अशी लवकर निवृत्ती पत्करली. युनायटेड कंपनीत सुमारे २,८५० वैमानिकांवर गंडांतर आले असता, सप्टेंबर महिन्यात सर्वांनी थोडे थोडे तास सोडण्याचा करार करून त्यांच्या नोकऱ्या राखल्या. हा त्याग वाटतो तितका सहज नसतो. यादीच्या वरच्या टोकास असलेल्या माणसाला कपातीचे भय नाही. त्याने आपल्या ताटातील घास खालच्याला द्यावा, असे त्यास सांगावयाचे असते. संघाच्या सभांत खरा वाद बहुधा येथेच रंगतो.

सरकारनेही त्या वर्षी हात दिला. मार्च २०२० मधील कायद्याने अमेरिकन प्रवासी विमान कंपन्यांस पगारासाठी २५ अब्ज डॉलर देण्याचे ठरले. अट एवढीच की, ३० सप्टेंबरपर्यंत कोणासही सक्तीने घरी बसवू नये. मुदत संपताच १ ऑक्टोबर रोजी अमेरिकन एअरलाइन्सने १९ हजार नोकर कमी केले. त्यांत सुमारे १,६०० वैमानिक होते. डिसेंबरअखेर दुसरा कायदा होऊन त्यांस परत बोलाविण्यात आले. वर्ष दोन वर्षे लोटतात न लोटतात तोच प्रवासी पुन्हा लोटले, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात वैमानिक अपुरे पडू लागल्याने कंपन्यांस फेऱ्या कमी कराव्या लागल्या. लवकर निवृत्त केलेले अनुभवी लोक परत आणता येण्याजोगे नव्हते.

या सक्तीच्या रजेस अमेरिकेत ‘फर्लो’ म्हणतात. इंग्रजी अमदानीत गोरा अंमलदार पगार घेऊन विलायतेस लांब रजेवर जाई, तिलाही फर्लोच म्हणत. परंतु वैमानिकाच्या फर्लोत पगार नसतो. असतो तो केवळ क्रमांक. तेजी आली की ज्या क्रमाने लोक गेले त्याच्या उलट क्रमाने, म्हणजे शेवटी गेलेल्यास प्रथम, कंपनीने परत बोलवावयाचे असते. आणि तोपर्यंत त्या जागी बाहेरचा नवा माणूस घेता येत नाही. बडतर्फी आणि फर्लो यांत हाच मोठा भेद आहे. पण वाट किती दिवस पाहावी, यास मर्यादा नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर युनायटेडने दोन हजारांहून अधिक वैमानिक घरी बसविले. ते परत येत होते तोच २००७ च्या डिसेंबरात कायद्याने निवृत्तीचे वय ६० वरून ६५ वर नेले. वरची माणसे पाच वर्षे अधिक थांबली, आणि त्याच सुमारास २००८ ची मंदी येऊन कोसळली. युनायटेडने पुन्हा चौदाशेहून अधिक वैमानिक कमी केले. यादीच्या तळाशी असलेल्या कित्येकांना एकाच जन्मी दोनदा हा प्रसंग पाहावा लागला. ऐन उमेदीची वर्षे दुसरे उद्योग करण्यात गेली, आणि काहींना परत येण्याचे पत्र दहा वर्षांहूनही अधिक काळाने मिळाले.

ज्येष्ठतेचा नियम निर्दोष आहे असे त्याचे पुरस्कर्तेही म्हणत नाहीत. त्याचा पहिला दोष असा की, क्रमांक हा कंपनीपुरताच असतो. तो अंगाबरोबर दुसरीकडे नेता येत नाही. १९९१ साली ईस्टर्न आणि पॅन ॲम या दोन नामांकित कंपन्या बुडाल्या. तेथे वीस-वीस वर्षे कॅप्टन असलेल्या माणसांनी दुसऱ्या कंपनीत प्रवेश मिळविला तरी त्यांना तळाच्या क्रमांकावर, नवशिक्याच्या पगारावर बसावे लागे; आणि पुढची मंदी आली की पुन्हा प्रथम तेच बाहेर. ज्याचे नशीब एकदा फिरले त्यास हा नियम दुसऱ्यांदाही ठोकरतो. यामुळेच कंपनी कितीही नावडती झाली तरी अनुभवी वैमानिक ती सोडीत नाही, आणि मालकांसही ही गोष्ट चांगली माहीत असते.

दुसरा दोष असा की, ज्यांस दार उशिरा उघडले ते सदैव तळाशी राहतात. मार्लन ग्रीन या कृष्णवर्णीय वैमानिकास केवळ वर्णामुळे नाकारणे बेकायदा आहे, असा मार्ग अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली मोकळा केला. कॉन्टिनेंटल कंपनीत तो रुजू झाला १९६५ साली. मोठ्या कंपन्यांत स्त्रियांचा प्रवेश १९७३ पासून झाला. त्यांच्याच वयाचे गोरे पुरुष तोवर यादीत कितीतरी वर चढून गेले होते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारवाहतूक कंपनीच्या खटल्यात असे ठरविले की, ज्येष्ठतेची पद्धत प्रामाणिकपणे चालविलेली असेल तर पूर्वीच्या अन्यायाची छाया तिच्यात उतरते एवढ्यावरून ती बेकायदा होत नाही. यादी कोणाचे तोंड पाहत नाही हे खरे. परंतु यादीत नाव केव्हा चढले हे जगाने पुष्कळदा तोंड पाहूनच ठरविलेले असते.

तिसरा आणि सर्वांत कडू दोष दोन कंपन्या एक होतात त्या वेळी प्रकट होतो. दोन याद्या एकात कशा मिसळाव्या? २००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने डबघाईस आलेली टीडब्ल्यूए ही कंपनी घेतली. तेव्हा टीडब्ल्यूएच्या सुमारे २,३०० वैमानिकांपैकी निम्म्याहून अधिक लोक अमेरिकनच्या यादीच्या अगदी तळाशी जोडण्यात आले. सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर कपात सुरू झाली, आणि वर्षानुवर्षांची चाकरी झालेले हे लोक पहिल्या तडाख्यात सापडले. त्यांची हाकाटी ऐकून मिसूरी संस्थानचे दोन सिनेटर मॅकास्किल आणि बाँड यांनी २००७ साली कायदा करविला. याद्यांचे मिश्रण न्याय्य आणि समतोल असावे, न जमल्यास लवादाकडे जावे, असे त्यात सांगितले आहे.

परंतु लवाद म्हणजे समाधान नव्हे. २००५ साली यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या एकत्र आल्या. पहिलीचे वैमानिक जुने, पण कंपनी दिवाळखोरीत आणि कित्येक वैमानिक आधीच घरी बसलेले. दुसरीचे वैमानिक नवे, पण सर्व कामावर. लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी २००७ साली निर्णय दिला. यूएस एअरवेजचे ५१७ ज्येष्ठ वैमानिक सर्वांच्या वर ठेवले. घरी बसलेले तळाशी घातले. बाकीच्यांचे मिश्रण केले. परिणामी कित्येक वर्षांची चाकरी असलेला माणूस काल-परवा आलेल्याच्या पंक्तीस अथवा त्याच्याही खाली बसला. काहींच्या मते चाकरीची वर्षे हीच खरी ज्येष्ठता. इतरांच्या मते कंपनी जगली नसती तर ती वर्षे शून्यच होती. दोन्ही पक्षांजवळ थोडे थोडे सत्य होते. संख्येने अधिक असलेल्या जुन्यांनी २००८ साली आपला संघच बदलला, तो लवाद कधी अमलात येऊ दिला नाही, आणि हा तंटा कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत राहिला. अमेरिकन एअरलाइन्सशी पुन्हा विलीनीकरण होऊन २०१६ साली नवी यादी निघेपर्यंत त्याचा निकाल लागला नाही.

यादी नको म्हटले तर दुसरे देश काय करतात, हेही पाहण्याजोगे आहे. जर्मनीत कायदा असे सांगतो की, मंदीमुळे नोकर कमी करताना मालकाने चार गोष्टी पाहाव्या: चाकरीची वर्षे, वय, पोशिंद्यावर अवलंबून असलेली माणसे, आणि गंभीर अपंगत्व. तेथे ज्येष्ठतेबरोबर घरातील चुलीचाही विचार होतो. ब्रिटनमध्ये वयाच्या भेदभावाविरुद्ध कायदा असल्यामुळे केवळ शेवटी आला तो प्रथम गेला एवढ्यावर सारे सोपविण्यास कंपन्या कचरतात. २०२० साली ब्रिटिश एअरवेजने संघाशी करार केला. सर्वांचे वेतन आरंभी शेकडा २० ने कमी करून ते पुढे शेकडा ८ वर आणण्याचे ठरले, तीनशे वैमानिकांचा राखीव गट ठेवला, आणि सक्तीने जाणाऱ्यांची संख्या २७० वर आली. संयुक्त अरब अमिरातीत कामगार संघास मुळी परवानगीच नाही. तेथे २०२० साली शेकडो वैमानिक कमी झाले, आणि निवड पूर्णपणे कंपनीच्या हाती राहिली.

हिंदुस्थानात 'शेवटी आला तो प्रथम गेला' हे तत्त्व औद्योगिक कलहाच्या १९४७ च्या कायद्यात १९५३ साली घालण्यात आले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ते राखले आहे. परंतु गलेलठ्ठ पगाराचा वैमानिक हा कायद्याच्या अर्थाने कामगार आहे की नाही, यावरच कोर्टात वाद होत आले आहेत. जुलै २०२० मध्ये एअर इंडिया, ती सरकारी मालकीची असताना, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजेवर पाठविण्याची योजना घेऊन पुढे आली. कोणास पाठवावे याच्या कसोट्यांत लायकी, कार्यक्षमता, प्रकृती, आणि पूर्वी आजारपणामुळे अथवा अन्य कारणाने कामावर न येण्याचे प्रसंग, यांचा समावेश होता. पुढच्याच महिन्यात, राजीनामे देऊन ते मागे घेतलेल्या चाळीसहून अधिक वैमानिकांस तिने नोकरीवरून कमी केले. जून २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द करून त्यांस परत घेण्यास सांगितले.

आजारपणाच्या रजा मोजण्याची ही कसोटी वरकरणी शहाणपणाची दिसते. कारण वरचेवर गैरहजर राहणारा नोकर कोणास हवा असतो? परंतु वैमानिकाच्या बाबतीत तिचा परिणाम नेमका उलटा होण्याचा संभव आहे. ज्यास सर्दीने कान दडपले आहेत, ज्याची रात्र जागरणात गेली आहे, त्याने घरी राहावे अशी विमानविद्येची शिकवण आहे. आजची रजा उद्याच्या कपातीच्या वहीत मांडली जाणार असे त्यास कळले, तर तो कान दडपलेला आणि डोळे जड झालेला असाच कॉकपिटमध्ये येऊन बसेल. त्याच्या मागे दीडदोनशे माणसे पट्टे बांधून बसलेली असतील, आणि त्यांस या वहीची वार्ताही नसेल.

एवंच, वैमानिकांच्या कपातीची कोणतीही रीत घेतली तरी ती कोणा ना कोणावर अन्याय करणारच. कारण जेथे जागा पाच आणि माणसे सहा आहेत तेथे सहाव्यास न्याय देण्याची युक्ती अद्याप कोणास सुचलेली नाही. निवड एवढीच करावयाची की, हा अन्याय आधीपासून सर्वांस ठाऊक असलेल्या नियमाने व्हावा, की ऐन वेळी बंद दाराआड कोणाच्या तरी लेखणीने व्हावा. ज्येष्ठतेची यादी तरुणांवर निष्ठुर आहे, बुडालेल्या कंपनीच्या अनाथांवर अधिक निष्ठुर आहे, आणि उशिरा प्रवेश मिळालेल्यांवर तर दुहेरी. हे दोष कमी करावयाचे तर विलीनीकरणाचे नियम आधीच ठरविणे, वरच्यांनी तास सोडून खालच्यांस धरून ठेवणे, आणि मंदी येण्यापूर्वी भरतीत हात आखडता ठेवणे, हे मार्ग उघडे आहेत. त्यांतील काहींचा उपयोग २०२० साली झालेलाही दिसला. परंतु धुक्यात उभ्या असलेल्या कॅप्टनने ‘आज विमान निघणार नाही’ असे म्हटल्यावर त्याच्या नोकरीस त्या शब्दांमुळे धक्का लागत नाही, ही जी एक गोष्ट या यादीने साधली आहे, तिची किंमत वैमानिकाहूनही प्रवाशाने अधिक ओळखली पाहिजे.